ओवीची नाममुद्रा

गाण्याचा वारसा जपावा, या म्हणण्याला आपल्याकडे कोणाची ना नसते. मात्र ‘गाणे’ या शब्दाने आपण काय समजतो, यावर पुढचे सारे अवलंबून असते. १९०२ च्या नोव्हेंबरात कलकत्त्याला गौहरजानचा आवाज तबकडीवर उतरला, आणि तेव्हापासून आपल्याकडचे गाणे गाणाऱ्याच्या देहाबाहेर टिकू लागले. भास्करबुवा बखले १९२२ साली गेले, अल्लादियाखाँ १९४६ साली गेले. दोघांच्याही गाण्याची तबकडी मागे राहिली नाही, याची हळहळ जाणत्यांच्या बैठकीत आजही ऐकू येते. ही हळहळ रास्त आहे. परंतु त्याच वर्षांत जात्याचा खुंटा धरून पहाटे गाऊन गेलेल्या बायांबद्दल अशी हळहळ कोणी व्यक्त केल्याचे ऐकिवात नाही. त्यांच्या ओव्यांबद्दल आपण म्हणतो, “लोकगीते नष्ट होत चालली आहेत.” गवई गेला म्हणजे माणूस जातो, बाई गेली म्हणजे मात्र ‘लोकगीत’ जाते. या दोन वाक्यांमधले अंतर हाच या लेखाचा विषय आहे.

ओवी जुनी आहे, हे सांगायला नकोच. चालुक्य राजा सोमेश्वर याच्या ‘मानसोल्लास’ या सन ११२९ च्या सुमाराच्या संस्कृत ग्रंथात, महाराष्ट्रातल्या स्त्रिया कांडताना ओवी गातात, अशी नोंद आहे. पुढच्या शतकात देवगिरीच्या यादवांच्या पदरी असलेल्या शार्ङ्गदेवाने ‘संगीतरत्नाकर’ लिहिला, त्यातही ओवीला जागा आहे. देवगिरी आमच्या जालन्याहून काही फार लांब नाही. म्हणजे आमच्याच मुलखाच्या उंबरठ्यावर बसून एका पंडिताने आठशे वर्षांपूर्वी ओवीची दखल घेतली. हे दोघेही संगीताच्या अंगाने लिहीत होते, हे विसरू नये. त्यांच्या लेखी ओवी ही प्रथम गायची वस्तू होती.

पुढे ज्ञानेश्वरीने ओवीला ग्रंथात बसवले आणि एका नावाच्या दोन वाटा झाल्या. ग्रंथातल्या ओवीला पोथी मिळाली, लेखक मिळाला, पारायण मिळाले, प्रतींची शुद्धाशुद्धता पारखणारे विद्वान मिळाले. गळ्यातल्या ओवीला यांपैकी काहीच मिळाले नाही. ती आईकडून लेकीकडे आणि सासूकडून सुनेकडे गेली, आणि वाटेत कोणी मुलगी अकाली गेली तर तिच्यापाशी असलेले तिच्याबरोबर गेले.

या दोन वाटांचे भवितव्य किती निराळे झाले, हे पाहायचे तर आमच्या जिल्ह्यातले जांब हे गाव घ्यावे. घनसावंगी तालुक्यातल्या या गावी १६०८ साली समर्थ रामदास जन्मले. त्यांनी लिहिलेला आणि लिहवलेला शब्द शिष्यांनी जिवापाड जपला. कल्याणस्वामींच्या हातची दासबोधाची प्रत डोमगावच्या मठात राहिली. पुढे शंकर श्रीकृष्ण देव यांनी धुळ्यात १८९३ साली सत्कार्योत्तेजक सभा काढली, मठामठांतून हिंडून बाडे गोळा केली, त्यांतली साधनसामग्री छापली. आणि धुळ्याच्या श्रीसमर्थ वाग्देवता मंदिरात ती हस्तलिखिते आज नीट ठेवलेली आहेत. समर्थांच्या हातचे मानले जाणारे वाल्मीकिरामायणही तेथेच आहे. ग्रंथालयाने आणि संग्रहाने एका परंपरेचे केवढे रक्षण करता येते, याचे यापरते उदाहरण महाराष्ट्रात शोधूनही सापडायचे नाही. देवांचे हे ऋण जांबच्याच काय, साऱ्या मराठी वाचकांनी मान्य केले पाहिजे.

आता याच घराच्या माजघरात पाहू. समर्थांच्या आईचे नाव राणूबाई. सूर्याजीपंत ठोसरांच्या घरात पाळणा हलला असेल तेव्हा तो मुका खास हलला नसेल. सतराव्या शतकातले मराठी घर, त्यात जाते, उखळ आणि पाळणा. तेथे गाणे नव्हते असे कोण म्हणेल? परंतु त्या गाण्यातले एक अक्षर धुळ्याच्या मंदिरात नाही, आणि दुसऱ्या कोठल्याही नाही. लेकाने हाताने उतरवून काढलेले रामायण सापडते. आईच्या पिढीने गळ्याने गायिलेले रामायण सापडत नाही. याचा दोष देवांना किंवा मठांना देण्याचे कारण नाही. कागदावर जे नव्हते ते त्यांना सापडणार कसे? दोष असलाच तर त्या समजुतीचा, जिने कागदावरचे तेवढे वाङ्मय मानले आणि बाकीच्याला रहाटगाडगे मानले.

ही समजूत विसाव्या शतकात ढळू लागली. साने गुरुजींनी १९४० च्या आसपास ‘स्त्रीजीवन’ हा ओव्यांचा मोठा संग्रह सिद्ध केला. आई, भाऊ, बहीण, बाळ, सासर, माहेर अशा नात्यांच्या ओळीने त्यांनी ओव्या लावल्या आणि त्यांना आपल्या हळव्या गद्याची जोड दिली. डॉ. सरोजिनी बाबर यांनी महाराष्ट्र राज्य लोकसाहित्य समितीच्या वतीने खंडामागून खंड काढले. त्यांतल्या एकाचे नाव ‘जनलोकांचा सामवेद’ असे आहे, आणि त्या नावातच त्यांची भूमिका स्पष्ट होते. आमचा मराठवाडा १९४८ पर्यंत निजामी राजवटीत होता आणि १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात. पुण्यामुंबईच्या उद्योगांचा वारा येथे उशिरा पोचला. तरी येथेही डॉ. ना. गो. नांदापूरकर यांनी मराठवाड्यातल्या बायांच्या तोंडच्या रामायणाच्या ओव्या जमवल्या आणि आपल्या ग्रंथाला नाव दिले, ‘मऱ्हाटी स्त्रीरचित रामकथा’.

या नावापाशी वाचकाने जरा थांबावे. ‘स्त्रीरचित’ हा शब्द नांदापूरकरांनी सहज घातलेला नाही. बायांनी रामकथा ‘म्हटली’ किंवा ‘जपली’ असे त्यांनी म्हटले नाही. ‘रचली’ असे म्हटले. रचणारी आहे म्हणजे कर्ती आहे. वाल्मीकीच्या आणि एकनाथांच्या पंक्तीला त्यांनी आमच्या आज्या-पणज्यांना आणून बसवले. सीतेचा वनवास गाताना रामाला बोल लावायला न कचरणारी बाई पोथीतल्या कथेची नक्कल करीत नाही, हे त्यांच्या कानाने अचूक टिपले होते. मात्र त्या शब्दातही एक उणीव राहते. ‘स्त्री’ रचते, पण कोणती? कोणत्या गावची? माहेर कोठले, सासर कोठले? ही कथा ती कोणाकडून शिकली, आणि तिने आपल्या पदरचे काय घातले? साने गुरुजींच्या संग्रहातही ओवीखाली गाणारीचे नाव नाही. गुरुजींचे अंतःकरण एवढे मोठे की त्यांना प्रत्येक ओवीत एकच माउली दिसली. परंतु एकच माउली दिसू लागली की हजार बाया दिसेनाशा होतात, हे समीक्षकाने नोंदवलेच पाहिजे.

ही उणीव भरून काढणारे काम पुण्याच्या दोघांनी केले. फ्रान्समध्ये जन्मून पुढे भारताचे नागरिक झालेले गी पॉइटव्हाँ आणि त्यांच्या सहकारी हेमा राईरकर. १९८० च्या दशकापासून पुढे सुमारे वीस वर्षे, मावळ-मुळशीच्या डोंगरी गावांपासून आरंभ करून, त्यांनी आणि गरीब डोंगरी संघटनेच्या कार्यकर्त्या बायांनी ओव्या गोळा केल्या. हजाराहून अधिक गावे, तीन हजारांहून अधिक गाणाऱ्या, आणि ओव्यांची संख्या एक लाख दहा हजारांच्या घरात. पुढे संगीत आणि संगणक या दोहोंत गती असलेले बर्नार्ड बेल येऊन मिळाले. एकशेवीस तासांच्या वर ध्वनिमुद्रण झाले. ते सारे गुडगावच्या (आताचे गुरुग्राम) संगीतविषयक अभिलेखागारात ठेवले गेले, तेथून त्याची प्रत फ्रान्सला गेली. पॉइटव्हाँ २००४ साली वारले, राईरकर २०१० साली. त्यानंतर २०१७ पासून ‘पारी’ या ग्रामीण भारताच्या संग्रहाने या ओव्या संगणकावर सर्वांना ऐकायला खुल्या करण्याचे काम अंगावर घेतले.

आकडा मोठा आहे. पण आकड्याहून मोठी गोष्ट निराळीच आहे. या संग्रहात ओवीबरोबर बाईचे नाव आहे. गाव आहे, तालुका आहे, जात आहे, मुद्रणाची तारीख आहे. परभणी जिल्ह्यातल्या ताडकळसच्या गंगूबाई अंबोरे सीतेचे दुःख गातात, तेव्हा ते ‘मराठवाड्यातले एक लोकगीत’ राहत नाही. ते गंगूबाईंचे गाणे होते. बीड जिल्ह्यातल्या माजलगावच्या राधाबाई बोऱ्हाडे बाबासाहेबांवरच्या ओव्या गातात, तेव्हा जुन्या छंदात शिरलेला नवा देव कोणाच्या गळ्यातून शिरला, हे आपल्याला कळते. आणि ओवी ही ‘प्राचीन’, ‘अनादि’ वगैरे काही नसून कालपरवाच्या माणसांवर आज रचली जाणारी कविता आहे, हेही त्याच नोंदीने सिद्ध होते. माझ्या मते मराठी लोकसाहित्याच्या अभ्यासातली ही सर्वांत मोठी उडी आहे, आणि ती सिद्धान्ताने घेतलेली नसून वहीतल्या एका रकान्याने घेतलेली आहे.

यावर एक आक्षेप येतो, आणि तो हलक्याने घेण्याजोगा नाही. एकच ओवी दहा गावांत सापडते. नाव गाणारीचे लिहिले म्हणून ती कर्ती कशी ठरेल? ती तर आजीची ओवी म्हणते. ओवी ही साऱ्यांची असते. तिच्यावर एका बाईचे नाव घालणे म्हणजे गावच्या विहिरीवर आपली पाटी लावणे होय.

या आक्षेपाला शास्त्रीय संगीतानेच उत्तर देऊन ठेवले आहे. बंदिश साऱ्यांची असते. पंडित भातखंडे यांनी घराण्याघराण्यांतून शेकडो चिजा मिळवून क्रमिक पुस्तकमालिकेच्या सहा भागांत छापल्या; त्या आज कोणीही गाऊ शकतो. तरी एकच चीज दोन गवयांनी गायिली तर “ही तर तीच” असे म्हणून कोणी उठून जात नाही. कोणी गायिली, कशी गायिली, कोठे थांबला, कोठे उचलली, यालाच आपण गाणे म्हणतो. मग हाच कान ओवी ऐकताना आपण घरी का ठेवून येतो? दहा गावांतली एक ओवी दहा नावांनिशी समोर ठेवली, म्हणजेच कळते की कोणी भावाच्या जागी लेक घातला, कोणी ज्वारीच्या जागी कपाशी आणली, कोणी सासूवरचा रोष मऊ केला आणि कोणी अधिक धारदार केला. नाव नसेल तर हे दहा पाठ म्हणजे एकाच ओवीच्या दहा चुकलेल्या प्रती ठरतात. नाव असले की त्या दहा बायांच्या दहा निवडी ठरतात. विहीर गावचीच असते. पण घागर कोणी भरली हे विचारायला हरकत कोणती?

आपल्या संतांना हे पुरते ठाऊक होते. ‘नामा म्हणे’, ‘तुका म्हणे’ ही नाममुद्रा अभंगाच्या शेवटी असते, म्हणून चारसहाशे वर्षांच्या गदारोळातून अभंग आपल्या धन्याचा हात धरून येऊ शकला. गंगाखेडची जनाबाई नामदेवांच्या घरची दासी. दळणकांडण हेच तिचे आयुष्य. ज्या जात्यावर इतर बाया गायिल्या त्याच जात्यावर ती गायिली. पण तिच्या गाण्याला तिचे नाव बांधलेले होते आणि भोवती वारकऱ्यांचा मेळा होता. म्हणून जनी उरली. तिच्या शेजारच्या घरात दळणारी कोण होती, हे कोणालाच सांगता यायचे नाही. ओवीत बाई बहुधा सगळ्यांची नावे घेते. भावाचे घेते, लेकाचे घेते, देवाचे घेते, शेजीलाही हाक मारते. राहते ते तिचे स्वतःचे. म्हणून मी म्हणतो की संग्राहकाच्या वहीतली नोंद हीच ओवीची नाममुद्रा आहे. जी बाईने लाजेने म्हणा, रीतीने म्हणा, घातली नाही, ती तिच्या संमतीने घालणे हे संग्रहाचे पहिले काम आहे.

येथवर स्तुती झाली. आता या कामातल्या उणिवाही सांगितल्या पाहिजेत. आपले ओव्यांचे सारे मोठे संग्रह, साने गुरुजींपासून राईरकरांपर्यंत, विषयवारीने लावलेले आहेत. माहेरच्या ओव्या एका ठिकाणी, सासूच्या एका ठिकाणी, विठ्ठलाच्या एका ठिकाणी. पुण्याच्या संग्रहात तर ही विभागणी फार बारीक आणि कसोशीची आहे, आणि तिचा उपयोगही आहे: एका विषयावर शंभर बाया काय म्हणाल्या ते एका दृष्टिक्षेपात दिसते. परंतु ओवी हा शब्दच मुळी ओवण्यापासून आलेला मानतात. पहाटे दळताना बाई सासूवरून पंढरीला जाते, पंढरीवरून भावाच्या वाटेला, भावावरून मेलेल्या लेकराला. एका ओवीचा शेवट दुसरीचा हात धरतो. सूपभर दाणे संपेपर्यंत जी माळ ओवली जाते, ती एक रचना आहे. आपण जिला ओवी म्हणून मोजतो तो तिचा एक मणी. विषयवारीने लावताना दोरा तोडावा लागतो. एक लाख मणी मोजून ठेवलेले आहेत, पण माळा किती होत्या, हे त्या मोजदादीतून उमगत नाही. ध्वनिफितीत हा क्रम टिकून आहे. तेव्हा पुढच्या अभ्यासकाने अनुक्रमणिका बाजूला ठेवून एकेका बाईची एकेक बैठक सलग ऐकावी आणि तिच्यावर, एखाद्या दीर्घ कवितेवर लिहावे तसे लिहावे. हे काम मराठी समीक्षेने अजून हाती धरलेले नाही.

दुसरी उणीव चालीची. हंगेरीत बेला बार्तोक आणि झोल्तान कोदाय हे दोघे संगीतकार विसाव्या शतकाच्या आरंभी फोनोग्राफ घेऊन खेडोपाडी हिंडले. मेणाच्या नळकांड्यांवर शेतकऱ्यांची गाणी घेतली, गाणाऱ्याचे नाव-गाव लिहिले, आणि मग ती गाणी पुन्हापुन्हा ऐकून स्वरलिपीत उतरवली. १९२४ साली बार्तोकने हंगेरियन लोकगीतांवर ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यात गाणी विषयाने लावलेली नाहीत. चालीच्या घडणीवरून लावलेली आहेत. एका लहान राष्ट्राने आपली चाल ओळखली ती अशी. आपण मात्र ओवीचे शब्द लिहिले आणि चाल सोडून दिली. भातखंड्यांची चीज राग-तालाशिवाय छापली असती तर तिला कोणी संगीत म्हटले असते काय? पण छापील ओवीत ‘बाई’, ‘गं’, ‘सांगते’ असे शब्द भरतीचे म्हणून गाळले जातात, पुन्हा घोळवलेली ओळ एकदाच लिहिली जाते, आणि दुसऱ्या बाईने उचललेला तुकडा तर कोठेच दिसत नाही. वास्तविक ‘बाई गं’ येथेच दगडाचा फेरा पुरा होतो, तेथेच श्वास घेतला जातो, तेथेच जात्याच्या तोंडात मूठ पडते. तो शब्द अर्थाच्या दृष्टीने रिकामा असेल. लयीच्या दृष्टीने तो समेचा आहे. सोमेश्वराने आणि शार्ङ्गदेवाने ओवीला संगीतात जागा दिली होती. आपण तिला तेथून उठवून समाजशास्त्राच्या आणि साहित्याच्या दाराशी उभे केले.

तिसरी अडचण साधनांची आहे, आणि ती कोणा एकाची नव्हे. आवाज ज्यावर ठेवावा ती वस्तू बाईच्या आयुष्याहून कमी टिकते, असा अनुभव आहे. मेणाचे नळकांडे झिजते, लाखेची तबकडी फुटते, चुंबकीय फीत बुरसते आणि चिकटते. एकेकाळी अचूक म्हणून वाखाणलेली अंकीय ध्वनिफीत वाजवायची यंत्रे बनवणे सोनी कंपनीने २००५ साली बंद केले. फीत शाबूत आणि यंत्र नाही, अशी अवस्था. म्हणून गाणे जपणे हे एकदा करून मोकळे होण्याचे काम नाही. एका साधनावरून दुसऱ्यावर, दुसऱ्यावरून तिसऱ्यावर उतरवीत राहावे लागते, जशी पोथी उतरवीत असत. वाग्देवता मंदिराच्या बाडांवर वाळवी पडू नये म्हणून जी राखण लागते, तीच येथेही लागते. व्हिएन्नाचे ध्वनिसंग्रहालय १८९९ पासून आणि बर्लिनचे १९०० पासून हीच राखण करीत आले. गुडगावच्या संस्थेची स्थापना १९८२ सालची. परदेशी अभ्यासक आपल्याकडचे गाणे मुद्रित करून घेऊन जात. त्याची एक प्रत या देशातही राहावी, हा तिचा एक मुख्य हेतू होता.

आता हे सारे आमच्या जिल्ह्यात आणून पाहू. जालना जिल्हा १९८१ च्या मे महिन्यात झाला. येथे आज ओवी म्हणू शकणारी बाई जिल्ह्याहून वयाने वडील आहे. भोकरदन-जाफराबादकडच्या कित्येकींचे माहेर बुलढाणा जिल्ह्यात, अंबड-घनसावंगीकडच्या कित्येकींचे गोदावरीपलीकडे बीडमध्ये. ओवी रुखवताबरोबर आलेली असते आणि सरकारी हद्द तिला ठाऊक नसते. म्हणून माहेराचा रकाना नसलेली नोंद अर्धी समजावी. १९७२ च्या दुष्काळात लाल मिलो दळलेल्या सुना आता सत्तरी ओलांडून गेल्या आहेत. त्यांच्यानंतरच्या पिढीच्या वाट्याला पिठाची गिरणी आली. जात्याचे कष्ट संपले हे फार चांगले झाले, आणि ओवीसाठी जाते पुन्हा फिरावे असे म्हणणारा माणूस स्वतः कधी दळायला बसलेला नसतो. प्रश्न जाते वाचवण्याचा नाही. त्या कष्टांतून बायांनी जे मिळवले ते त्यांच्या नावे जमा करण्याचा आहे.

मी मॅट्रिकपलीकडे न गेलेला मास्तर. शास्त्राच्या गोष्टी मोठ्यांनी बोलाव्यात. पण मुलांच्या वह्या मात्र पुष्कळ पाहिल्या आहेत. वर्गातल्या मुलांना घरच्या आजीकडून दोन-दोन ओव्या लिहून आणायला सांगितले, तर मुले आणतात, आणि मोठ्या हौसेने आणतात. ओव्यांखाली बहुतेकजण एकच शब्द लिहितात: ‘पारंपरिक’. ओवीचे नाव घेतले की हाच शब्द येतो, हे त्यांनी कोठून तरी ऐकलेले असते. कवितेखाली कवीचे नाव लिहायचे, हे याच मुलांना पाठ असते. समोर बसून, आठवून आठवून, मध्येच डोळे पुसून जिने ओवी सांगितली, ती आजी नातवाच्या वहीत ‘पारंपरिक’ होते. एका मुलीने मात्र आजीचे संपूर्ण नाव लिहिले होते, पुढे कंसात माहेरचे गाव, आणि त्याखाली: “ही तिला तिच्या मावशीने शिकवली, शेवटची ओळ तिची आहे.” पुण्याच्या संग्रहात वीस वर्षे जे घडले त्याचे सार त्या मुलीच्या दोन ओळींत होते, आणि थोडे अधिकही होते, कारण कोणती ओळ कोणाची, हे विचारायला घरचेच माणूस लागते.

आज प्रत्येक घरात ध्वनिमुद्रणाचे यंत्र आहे. पोराच्या खिशातला मोबाइल बार्तोकच्या फोनोग्राफहून कितीतरी सरस आहे. परंतु नाव, गाव, दिवस न लिहिलेला आवाज फोनबरोबर हरवतो, आणि हरवला नाही तरी दहा वर्षांनी तो कोणाचा हे घरातलेही सांगू शकत नाहीत. महाराष्ट्रात १९६७ चा सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा आहे; त्याखाली गावोगाव लहान वाचनालये चालतात. त्यांच्या कपाटांत कादंबऱ्या आहेत. माझ्याही एकदोन असतील. त्याच कपाटात एक जाड वही ठेवायला फार खर्च नाही. गाणारीचे नाव, वय, माहेर, सासर, कोणाकडून शिकली, स्वतःचे काय घातले, कोणत्या क्रमाने गायिली, आवाज कोठे ठेवला आणि त्याची दुसरी प्रत कोठे, आणि शेवटी, हे लोकांपुढे यावे अशी तिची इच्छा आहे की नाही. गाणारी नको म्हणाली तर तो रकाना रिकामा राहील. पण तो तिच्या इच्छेने रिकामा राहील, आपल्या बेफिकिरीने नव्हे.

‘जालना, सोन्याचा पालना’ असे आमच्याकडे म्हणतात. पालना म्हटला की पाळण्याचे गाणे आले, आणि गाणे आले की गाणारी आली. जांबच्या राणूबाईंचे गाणे आता कोणत्याही उपायाने परत येणार नाही. मात्र तिचे नाव तरी आपल्याला ठाऊक आहे, आणि ते ठाऊक आहे ते मुलगा थोर निघाला म्हणून. पुढच्या काळात बाईचे नाव टिकायला तिच्या पोटी समर्थच जन्मावा लागू नये. तिने स्वतः रचलेली एक ओळ त्याला पुरेशी व्हावी. आणि ती पुरेशी आहे की नाही, हे ठरवणे समीक्षेच्या हाती आहे.